ऑफर वाचताना कारखान्याकडे बघा

कॉम्पॅक्ट एसयूव्ही घ्यायला निघालेला माणूस शोरूममध्ये आधी मायलेज विचारतो, मग सनरूफ, मग हप्ता. आणखी एक प्रश्न असतो, तो सहसा कुणी विचारत नाही: हीच गाडी, याच इंजिनात आणि याच व्हेरिएंटमध्ये, तुमच्या स्टॉकयार्डात आज किती उभ्या आहेत? या एका उत्तरावर किती सवलत मिळेल, कर्जाचा दर किती खाली येईल आणि वेटिंग किती लागेल, हे बरंचसं ठरतं. जाहिरातीतली ऑफर म्हणजे कंपनीचं औदार्य नाही. कारखान्याने काय जास्त बनवलं आणि काय कमी, याची ती बातमी असते. ती बातमी वाचायची कशी, एवढंच इथे सांगायचं आहे.

सुरुवात चार मीटरच्या पट्टीपासून करावी लागेल, कारण ही गाड्यांची जात मुळात करामुळे जन्माला आली. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, पेट्रोल असेल तर १२०० सीसी आणि डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंतच्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. पुढे जीएसटीनेही तीच व्याख्या उचलली. म्हणून नेक्सॉन, फ्रॉन्क्स, कायलॅक या गाड्यांची लांबी बघा, तिघींची ३९९५ मिलिमीटर. पाच मिलिमीटर राखून कंपन्यांनी कर वाचवला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून या व्याख्येत बसणाऱ्या गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे, न बसणारीवर ४० टक्के. त्याआधी लहान पेट्रोल गाडीवर उपकरासह २९ टक्के होता आणि लहान डिझेलवर ३१.

आता यातली खरी गंमत. मारुतीची ब्रेझा २०१६ मध्ये आली ती फक्त १.३ लिटर डिझेल इंजिन घेऊन, त्यामुळे ती लहान गाडीच्या करात बसत होती. प्रदूषणाचे बीएस-६ नियम येताना मारुतीने डिझेल बंद करायचं ठरवलं आणि २०२० पासून ब्रेझामध्ये १४६२ सीसीचं पेट्रोल इंजिन आलं. गाडी चार मीटरच्या आतच राहिली, पण इंजिन बाराशेच्या वर गेल्याने ती वरच्या कराच्या रांगेत जाऊन बसली. आधी ४५ टक्के, आता ४०. याउलट टाटा, किया, महिंद्रा यांनी बाराशेच्या आतलं पेट्रोल आणि पंधराशेच्या आतलं डिझेल अशी जोडी ठेवली, त्यांना १८ टक्क्यांचा लाभ थेट मिळाला. नेक्सॉनची किंमत तेव्हा व्हेरिएंटनुसार दीड लाखापर्यंत खाली आल्याचं टाटाने जाहीर केलं होतं. इंजिन कोणतं बनवायचं हा निर्णय कारखान्यात पाच-सहा वर्षांपूर्वी होतो आणि त्याचं बिल आपण आज भरतो. दोन गाड्यांची तुलना करताना एक्स-शोरूम किमतीतला कर किती आणि गाडी किती, हे एकदा वेगळं करून बघा. जास्त कर भरूनही ब्रेझा तुमच्या बजेटात बसत असेल, तर तिची मूळ किंमत कंपनीने कुठे आवळली आहे, हेही त्यातून कळतं. माझ्या मते ब्रेझाचं चार सिलिंडरचं शांत इंजिन आणि मारुतीची सेवा यासाठी ते पैसे देणारा माणूस मूर्ख नाही. फक्त तो पैसे कशाचे देतो आहे, ते त्याला माहीत असावं.

महाराष्ट्रात कराचं आणखी एक वळण आहे. पेट्रोल गाडीवर १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि १० ते २० लाखांत १२ टक्के एकरकमी रोड टॅक्स लागतो. डिझेलला १३ आणि १४. शिवाय किंमत १० लाखांच्या वर गेली की १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर, लागतो. समजा एक व्हेरिएंट ९.९५ लाखांचं आहे आणि दुसरं १०.०५ लाखांचं. दहा हजारांच्या फरकापायी रोड टॅक्समध्ये अकरा हजार वाढतात आणि टीसीएसचे दहा हजार वेगळे. टीसीएस विवरणपत्र भरताना परत मागता येतो, पण डिलिव्हरीच्या दिवशी तो खिशातूनच जातो. बरेच जण आरशाच्या घडीसाठी किंवा मोठ्या स्क्रीनसाठी ही रेषा ओलांडतात आणि ऑन-रोड किंमत बघून चक्रावतात.

आता यार्डाकडे. महिन्याच्या सुरुवातीला वर्तमानपत्रात कंपन्यांचे विक्रीचे आकडे येतात. ते बहुतेक वेळा कारखान्यातून डीलरकडे रवाना झालेल्या गाड्यांचे असतात. ग्राहकाच्या नावावर नोंदलेल्या गाड्यांचा हिशेब वेगळा. तो 'वाहन' या सरकारी नोंदणीवरून डीलरांची संघटना, म्हणजे फाडा, मांडते. या दोन आकड्यांतला फरक डीलरच्या आवारात उभा असतो. २०२४ च्या सप्टेंबरअखेर फाडाने सांगितलं होतं की डीलरांकडे ८० ते ८५ दिवस पुरेल इतका साठा आहे, सुमारे ७.९ लाख गाड्या, किंमत ७९,००० कोटी. संघटनेच्या मते साठा २१ दिवसांचा असावा. त्या दिवाळीत सवलती का वाहत होत्या, याचं उत्तर या आकड्यांत आहे.

डीलर ही गाडी कंपनीकडून पैसे मोजून घेतो, आणि ते पैसे बहुधा बँकेच्या कर्जाचे असतात. दहा लाखांच्या गाडीवर साडेनऊ टक्के व्याज धरलं तर दिवसाला सुमारे २६० रुपये चढतात. दोन महिने उभी राहिलेली गाडी पंधरा हजारांहून जास्त व्याज खाऊन बसलेली असते. म्हणून जी गाडी उभी आहे तिच्यावर डीलर स्वतःच्या खिशातूनही सोडतो. जिच्यासाठी लोक रांगेत आहेत, तिच्यावर तो फुटका मणी सोडणार नाही. वरचं सजावटीचं पॅकेज घ्यायला लावेल, ते वेगळंच. एकाच मॉडेलच्या पेट्रोल मॅन्युअलवर सवलत आणि सीएनजीवर वेटिंग, असं चित्र म्हणूनच दिसतं. मॉडेलवर किती सूट आहे हा प्रश्न अर्धवट आहे. कोणत्या व्हेरिएंटवर, कोणत्या महिन्यात बनलेल्या गाडीवर, असं विचारलं पाहिजे.

कारखान्याचा अंदाज चुकतो तेव्हा काय होतं, याचं जिम्नीइतकं ठसठशीत उदाहरण सापडणार नाही. मारुतीची पाच दारांची जिम्नी जून २०२३ मध्ये गाजावाजात आली. तीही चार मीटरच्या आत, ब्रेझासारख्याच १४६२ सीसी इंजिनाची, म्हणजे वरच्या कराची. डोंगरात फिरायची हौस असणाऱ्यांनी ती घेतली, कुटुंबांनी घेतली नाही. सहाच महिन्यांत तिच्यावरच्या सवलती लाखाच्या वर गेल्या. गुरुग्रामच्या कारखान्यात बनलेली तीच गाडी जानेवारी २०२५ मध्ये जपानमध्ये विकायला ठेवली, तर चार-पाच दिवसांत सुमारे ५०,००० मागण्या आल्या आणि सुझुकीला बुकिंग थांबवावं लागलं. गाडी तीच, कारखाना तोच. इकडे सवलत आणि तिकडे रांग. किमतीतली सूट गाडीच्या गुणवत्तेचा दाखला नसते, ते उत्पादन आणि मागणी यांच्या फटीचं माप असतं. आणि निर्यात वाढली की कारखान्याला देशातला माल सूट देऊन खपवायची घाई उरत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.

उलट टोकाचं उदाहरण नाशिकचं. महिंद्राची एक्सयूव्ही ३एक्सओ तिथे बनते. मे २०२४ मध्ये बुकिंग उघडलं आणि पहिल्या तासात ५०,००० नोंदण्या झाल्या. कंपनीने दहा हजार गाड्या आधी बनवून ठेवल्या होत्या आणि महिन्याला नऊ हजारांची क्षमता सांगितली होती. हिशेब सोपा आहे: पहिल्या तासातल्या शेवटच्या माणसालाच चार-पाच महिने थांबणं आलं. अशा वेळी कंपनी कर्जावर सवलत द्यायला वेडी नसते. २०२१ च्या चिप टंचाईतही असंच झालं होतं. त्या सप्टेंबरमध्ये मारुतीने हरियाणा आणि गुजरातमधलं उत्पादन नेहमीच्या ४० टक्क्यांच्या आसपास राहील असं जाहीर केलं होतं. माल तुटपुंजा असला की कोणतीही कंपनी हाताशी असलेले सुटे भाग जास्त नफ्याच्या वरच्या व्हेरिएंटकडे वळवते, आणि बेस मॉडेलवाला थांबतो. बेस मॉडेलची किंमत जाहिरातीत मोठ्या अक्षरात असते. ते महिन्याला किती बनतं, हे कुठे लिहिलेलं नसतं.

हे समजलं की कर्जाच्या ऑफरकडे वेगळ्या नजरेने बघता येतं. कमी व्याजाचं कर्ज देताना बँक तोटा सोसत नाही. बाजारदर आणि जाहिरातीतला दर यातला फरक कंपनी, आणि कधी डीलर, बँकेला आधीच भरतो. ही रक्कम कंपनीच्या त्याच विक्री-खर्चातून येते ज्यातून रोख सवलत येते. कंपनीला कर्जाची सवलत आवडते कारण तिने छापील किंमत हलत नाही. किंमत उघड कमी केली तर जुन्या ग्राहकाला टोचतं आणि सेकंड हँड बाजारात भाव पडतो. अमेरिकेत सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर जनरल मोटर्सने शून्य टक्के व्याजाची मोहीम काढली, तेव्हापासून हे हत्यार जगभर परजलं गेलं. विक्री उसळते, पण त्यातली बरीचशी पुढच्या महिन्यांतली विक्री आधी ओढून आणलेली असते. भारतात बँकांना शून्य टक्के म्हणता येत नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा योजनांवर बोट ठेवून बँकांना त्या बंद करायला सांगितलं. म्हणून इथे कमी दर, पहिले काही महिने छोटा हप्ता, शेवटी मोठा हप्ता अशी वेषांतरं दिसतात.

तुमच्यासमोर दोन पर्याय ठेवले जातील: रोख सूट घ्या, नाहीतर कमी दराचं कर्ज. दोन्ही एकदम क्वचितच मिळतात. अशा वेळी कमी दराची आजची किंमत काढायची. समजा कर्ज ८ लाखांचं आहे, मुदत पाच वर्षं. तुमच्या बँकेचा दर साडेनऊ टक्के आहे आणि कंपनीच्या योजनेत आठ. साडेनऊने हप्ता १६,८०० येतो, आठने १६,२२०. महिन्याला ५८० रुपये वाचले, पाच वर्षांत सुमारे ३४,८००. पण हे पैसे पाच वर्षांत थेंबाथेंबाने वाचणार. साडेनऊ टक्क्यांनीच त्यांची आजची किंमत काढली तर ती २७,६०० च्या आसपास भरते. म्हणजे समोरची रोख सूट तीस-चाळीस हजारांची असेल तर ती घेऊन आपल्या बँकेत जावं, आणि वीसच हजारांची असेल तर कमी दराचं कर्ज घ्यावं. हे गणित मोबाइलवरच्या ईएमआय कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांत होतं. सेल्स एक्झिक्युटिव्ह समोर बसला असतानाच करा. त्यालाही ते आवडत नाही असं नाही, कारण बोलणं लवकर मार्गी लागतं.

मुदतीचा मोह मात्र फार महागात पडतो. तेच ८ लाख, तोच साडेनऊचा दर, पण मुदत सात वर्षं केली तर हप्ता १३,०७५ वर येतो. दरमहा पावणेचार हजार मोकळे झाले म्हणून आनंद होतो. एकूण व्याज मात्र २.०८ लाखांवरून २.९८ लाखांवर जातं. याहून वाईट गोष्ट दुसरीच आहे. तीन वर्षांनी गाडी बदलायची झाली तर सात वर्षांच्या कर्जात अजून ५.२ लाख शिल्लक असतात, पाच वर्षांच्या कर्जात ३.६६ लाख. मधल्या काळात त्या मॉडेलवर कंपनीने सवलतींचा पाऊस पाडला असेल, तर जुन्या गाडीला मिळणारा भाव आणि कर्जाची शिल्लक यांत ओढाताण सुरू होते. ज्या मॉडेलवर सूट मोठी, त्याच्यावर कर्ज लहान आणि मुदत कमी, असा माझा नियम आहे. जी गाडी रांगेत उभं राहून मिळते, तिच्या बाबतीत थोडं सैल राहता येतं.

दर 'फ्लॅट' आहे की 'रिड्युसिंग', हे विचारल्याशिवाय आकडा ऐकूच नये. ५ टक्के फ्लॅट ऐकायला गोड लागतं, पण पाच वर्षांच्या कर्जात तो घटत्या शिलकीच्या हिशेबाने नऊ टक्क्यांहून थोडा जास्तच होतो. यावर आता चांगलं औषध आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासोबत की फॅक्ट स्टेटमेंट द्यावंच लागतं. त्यात प्रोसेसिंग फी वगैरे सगळं धरून एकूण वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. दोन कर्जांची तुलना फक्त या आकड्यावर करा. दुसरी ओळ बघायची ती मुदतीआधी कर्ज फेडण्याच्या शुल्काची. वैयक्तिक फ्लोटिंग कर्जावर असं शुल्क लावता येत नाही, फिक्स्डवर लावता येतं, आणि योजनेतली कर्जं बहुधा फिक्स्ड असतात. २०२५ या एका वर्षात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला. फ्लोटिंगवाल्याचा दर त्यासोबत सरकला, फिक्स्डवाला आहे तिथेच राहिला. दर उतरणीला असताना योजनेचा फिक्स्ड दर किती आकर्षक आहे, हे त्यामुळे पुन्हा तपासावं लागतं.

वेळेबद्दल. आपल्याकडे गाड्यांचा बाजार साडेतीन मुहूर्तांवर हलतो आणि कंपन्या ते ओळखून आहेत. दसरा-दिवाळीचा माल ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच डीलरकडे लोटला जातो. नेमका मध्ये पितृपक्ष येतो आणि शोरूम ओस पडतात. यार्ड भरलेलं, गिऱ्हाईक नाही, व्याज चालू. घासाघीस करायला वर्षातला याहून चांगला पंधरवडा नाही. पितृपक्षात वस्तू घ्यायची नसेल तर घेऊ नका, भाव ठरवून टाका आणि डिलिव्हरी दसऱ्याला घ्या. फक्त एक खबरदारी: सवलत बुकिंगच्या तारखेला लागू आहे की बिलाच्या, हे लेखी घ्या. बहुतेक योजना त्या-त्या महिन्याच्या बिलाला बांधलेल्या असतात, त्यामुळे गाडी पुढच्या महिन्यात आली तर कर्जाचा जाहीर दरही हवेत विरतो. २०२५ मध्ये मात्र हे सगळं कोलमडलं. १५ ऑगस्टला जीएसटी कमी होण्याची घोषणा झाली, लोक थांबले, त्यातच पितृपक्ष, आणि नवे दर लागू झाले ते नेमके घटस्थापनेला. त्यानंतर गर्दी इतकी झाली की सवलत मागणाऱ्यालाच लोक हसले असते.

डिसेंबरची सूट वेगळ्या कारणाने मिळते. १ जानेवारीला यार्डातली गाडी कागदावर एक वर्षाने म्हातारी होते. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं आणि चासी क्रमांकातही त्याचा संकेत असतो. गाडी आठ-दहा वर्षं वापरायची असेल तर डिसेंबरची सूट डोळे मिटून घ्या. तीन-चार वर्षांत विकायची असेल, तर सूट त्या एका वर्षाच्या घसरणीपेक्षा जास्त आहे का, हे बघावं लागेल. गाडी आवारात चार-सहा महिने उन्हापावसात उभी असेल तर टायर, बॅटरी आणि रबरी पट्ट्या तपासून घ्या. ही तपासणी, म्हणजे पीडीआय, नोंदणीच्या आधी करायची. पैसे भरले आणि नंबर पडला की बोलायला जागा राहत नाही.

कोटेशनमधल्या बाकीच्या ओळींवर थोडक्यात. विमा डीलरकडूनच घेण्याची सक्ती नाही. बाहेरचं कोटेशन दाखवलं की त्याचा आकडा खाली येतो. सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा बंधनकारक आहे, तेव्हा तुलना करताना तो दोन्हीकडे धरा. एक्स्चेंज बोनस बघून हुरळून जाऊ नका. बोनस मोठा आणि जुन्या गाडीचा भाव पाडलेला, ही जुनी युक्ती आहे. जुनी गाडी बाहेर किती जाते, हे आधी काढा. आणि 'हँडलिंग' नावाची ओळ दिसली तर ती खोडायला सांगा.

मोठी सूट कधीकधी धोक्याची घंटाही असते. कॉम्पॅक्ट एसयूव्हीचं वेड इथे रुजवणारी फोर्डची इकोस्पोर्ट २०१३ मध्ये आली, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २०२० च्या शेवटी बंद पडला, नंतर ह्युंदाईने तो घेतला आणि नवी व्हेन्यू तिथूनच बाहेर पडते आहे. कारखाना चालू राहिला तरी आपल्या मॉडेलचे सुटे भाग मिळतील का, हा प्रश्न उरतोच. एखाद्या कंपनीची गाडी महिनोन्महिने मोठ्या सवलतीत आणि मोजक्याच संख्येने विकली जात असेल, तर जवळचं सर्व्हिस सेंटर किती अंतरावर आहे आणि तीन वर्षांपूर्वीच्या गाडीचा बंपर किती दिवसांत येतो, हे तिथल्याच एखाद्या गाडीमालकाला विचारा. मॉडेलचा नवा अवतार येण्याआधीची सूट मात्र निराळी. तिथे यंत्र बहुधा तेच असतं, दिवे आणि डॅशबोर्ड बदलतात. पैसे वाचवणाऱ्याने ती संधी सोडू नये.

थांबून मिळणारी गाडी घ्यायची ठरवलीत, तर बुकिंग फॉर्मच्या मागची बाजू वाचा. किंमत जवळजवळ नेहमीच डिलिव्हरीच्या दिवसाची लागते, आणि कंपन्या जानेवारीत, कधी एप्रिलमध्येही, दर वाढवतात. बँकेची मंजुरी ठरावीक काळच टिकते, त्यामुळे कर्जाचा अर्ज बुकिंगच्या दिवशी न करता गाडी वाटप झाल्याचा निरोप आल्यावर करावा. व्हेरिएंट बदलून लवकर गाडी देतो असा फोन आला, तर तो कारखान्याकडे काय जास्त आहे याचा फोन आहे. वरचं मॉडेल घ्यायला सांगत असतील तर वाढीव रकमेतली किती ते सोडतात, ते विचारा. बुकिंग रद्द केलं तर किती पैसे, किती दिवसांत परत, हे पावतीवर लिहून घेतल्याशिवाय रक्कम देऊ नका.